डनॉटर किल्ला (स्कॉटलंड): सासू-सासरे आणि पाच वर्षांची मुलगी, एकटीने घेऊन जाणं कितपत सेफ?

चिवडा_कमी_तिखट

नमस्कार मंडळी, या वर्षीच पुण्याहून ॲबर्डीनला शिफ्ट झालोय. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सासू-सासरे येतायत आणि नेमका तेव्हाच नवरा ऑफशोअर असणार, रिगवर, त्यामुळे सगळं फिरवणं माझ्याकडे. सासरे जुने गडवाले, तरुणपणी राजगड तोरणा सगळं पायाखाली घातलेलं, आता ७१ वय आणि उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण कुणीतरी त्यांना व्हॉट्सॲपवर डनॉटरचा फोटो पाठवला, तो समुद्रात घुसलेल्या कड्यावरचा पडका किल्ला, तेव्हापासून रोज फोनवर एकच, तिथे जायचंच. सासूबाई साडीच नेसतात, पँट घालणार नाहीत म्हणजे नाहीत. आणि आमची कन्या पाच वर्षांची, हात सुटला की पळते.

मी स्वतः अजून गेलेली नाही. फोटोंत सगळीकडे उघडा कडाच दिसतो. तर प्रश्न: किल्ल्यावर कठडे वगैरे आहेत का? पायऱ्या किती? स्ट्रोलर नेता येतो का? वाऱ्याचं कसं कळणार, म्हंजे किती वारा असला की जाऊ नये? ऑफिसमधली एक जण म्हणाली उत्तरेला स्लेन्स म्हणून अजून एक किल्ला आहे, तिकीटही नाही, तोही करा. दोन्ही एका दिवसात करू का?

सडाफटिंग

काही होत नाही हो. अलंग मदन कुलंग करणारी माणसं आपण, इथे तर पायऱ्या बांधून दिल्यात आणि वर तिकीट घेतात. पोरीचा हात धरा आणि बिनधास्त जा. इंग्रज लोकांना प्रत्येक गोष्टीत हेल्थ अँड सेफ्टी लागते.

ग्रॅनाइटचं_घर

आधी सडाफटिंगराव, तिकडच्या लोकांना इंग्रज म्हणालात तर कड्यावरून पडायच्या आधीच ढकलतील. स्कॉटिश म्हणा.

चिवडाताई, मी बरीच वर्षं ॲबर्डीनला आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला डनॉटर दाखवणं हे आमच्याकडे ठरलेलंच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे जागा कशी आहे ते समजून घ्या. स्टोनहेवन गावाच्या दक्षिणेला तीनेक किलोमीटरवर जमिनीपासून जवळजवळ तुटलेला एक खडक आहे, उंची साधारण ५० मीटर, माथा सपाट, साडेतीन एकराचा, आणि त्या माथ्यावर बुरूज, चॅपल, राहायच्या इमारती असे सगळे अवशेष पसरलेत. मुख्य जमीन आणि हा खडक यांच्यामधे खोल खिंड. म्हणजे कार पार्कपासून आधी सपाट वाटेने कड्यापर्यंत, मग पायऱ्यांनी पार खाली जवळजवळ समुद्राच्या पातळीला, मग पुन्हा चढून दरवाजा, आत बोगद्यासारखी चढती वाट, आणि मग माथा. पायऱ्या दोनशेच्या आसपास धरा. स्ट्रोलर अजिबात नाही, व्हीलचेअरचा प्रश्नच येत नाही.

कठडे काही ठिकाणी आहेत, सगळीकडे नाहीत. वर माथ्यावर गवत अगदी छान कापलेलं, हिरवंगार, एखाद्या बागेसारखं, आणि तेच फसवं आहे. लहान मुलाला ते खेळायचं मैदान वाटतं. गवत कडेपर्यंत जातं आणि पुढे थोडं हवेत गेलेलं असतं, खाली माती नसते. खडक कसला आहे ते खिंडीत उतरताना हात लावून बघा, गोल गोटे एकमेकांत चिकटवल्यासारखे, थेट शेंगदाण्याची चिक्की. ४० कोटी वर्षांहून जुना आहे पण म्हणून पक्का आहे असं नाही, पावसाने आणि गोठण्या-वितळण्याने एकेक गोटा सुटून खाली येतो, खाली गोट्यांचा ढीगच आहे. तेव्हा कडेवर उभं राहून फोटो नाही आणि कड्याच्या बरोबर खाली बसून सँडविचही नाही.

आता वारा. तुम्ही विचारलेल्यातला हा खरा प्रश्न. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी २० मैलांचा वारा ४० झाला की दुप्पट नाही, चौपट ढकलतो. ॲपमध्ये जो मोठा आकडा दिसतो तो सरासरी असतो, त्याच्या शेजारी गस्ट म्हणजे मधेच येणाऱ्या जोराच्या झोताचा दुसरा आकडा असतो, तोच बघायचा. सरासरी वारा ३९ मैलांच्या पुढे गेला की त्याला गेल म्हणतात, त्यात धडधाकट माणसालाही सरळ चालता येत नाही. माझा घरचा नियम असा आहे की म्हातारी माणसं किंवा मुलं बरोबर असतील तर गस्ट ३० च्या वर दिसली की किल्ल्यात जायचं नाही, आणि ४० च्या वर असेल तर कुठल्याच कड्यावर जायचं नाही, घरी बसून भजी तळायची. किल्लेवालेही वारा जास्त असला किंवा बर्फ असलं की बंद करतात, त्यांच्या वेबसाइटवर त्या दिवशी सकाळी लावलेलं असतं, ते निघायच्या आधी बघायचंच. पण त्यांनी उघडं ठेवलं म्हणजे तुमच्या पाच वर्षांच्या मुलीसाठी ठीक आहे असं समजू नका, ते धडधाकट माणसाच्या हिशोबाने ठरवतात.

दिशासुद्धा बघा. आपला किनारा पूर्वेचा. इथे बहुतेक वेळा वारा पश्चिमेकडून, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. तो पाठीवर येतो म्हणून चालायला सुखाचा वाटतो आणि ढकलतो मात्र कडेकडे. पूर्वेचा किंवा आग्नेयेचा असेल तर तोंडावर येतो, गार असतो, लाटा खिंडीत आपटतात, पण निदान तुम्हाला आत ढकलतो. आणि पडक्या भिंतींचं एक आहे, भिंतीच्या आडोशाला एकदम शांत असतं, माणूस टोपी सैल करतो, मुलाचा हात सोडतो, आणि कोपरा ओलांडला की सगळा झोत एकदम अंगावर. माथ्यावर असे कोपरे पुष्कळ आहेत. मुलीचा हात कोपऱ्याच्या आधी धरायचा, नंतर नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. तुम्हाला हात दोन. एक मुलीला लागणार, एक सासऱ्यांना लागणार, सासूबाईंना कोण धरणार? नवरा परत आला की चार मोठी माणसं मिळून किल्ल्यात जा. तोपर्यंत कार पार्कहून कड्यावरच्या व्ह्यू पॉइंटपर्यंत जा, पाच-दहा मिनिटांची चाल, तिकीट नाही, पायऱ्या नाहीत. आणि व्हॉट्सॲपवर आलेला तो फोटो तिथूनच काढलेला असतो, किल्ल्यात गेल्यावर किल्ला दिसत नाही!

चिवडा_कमी_तिखट

बापरे, केवढं लिहिलंत, खूप आभार. व्ह्यू पॉइंटवालं मला पटलंय, पण सासऱ्यांना "लांबून बघा" म्हणून सांगायची हिंमत कुणाची? ते म्हणतात गुडघा मस्त आहे, रोज पर्वती चढतो (चढत नाहीत, निम्म्यातून परत येतात असं सासूबाईंनी सांगितलंय).

वाटी_सरकली

फिजिओ आहे म्हणून लिहिते. पर्वती आणि डनॉटर यांच्यात एक मोठा फरक आहे आणि तो त्यांना नीट समजावून सांगा, गडवाले आहेत तर लगेच कळेल. आपल्या गडावर माणूस आधी चढतो, दमला तरी परतीचा रस्ता उतार असतो, कसाबसा खाली येतो. इथे उलटं. गाडी वर उभी. म्हणजे आधी उतार, मग चढ, मग परत उतार, आणि सगळ्यात शेवटी, पाय थरथरत असताना, गाडीपर्यंतचा पूर्ण चढ. वाटेत अर्ध्यातून सोडून द्यायची सोयच नाही, खिंडीत उतरलात की कुठेही जायचं तरी चढायचंच. त्यातून गुडघा बदललेला असेल तर उतरताना जास्त त्रास, चढताना कमी, आणि पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसल्या की तोल जातो.

त्यांना जायचंच असेल तर एक टेस्ट सांगते. इथे आल्यावर एखाद्या इमारतीचे किंवा स्टेशनचे जिने, सहा-सात मजले उतरून चढून, पाच मिनिटं थांबून पुन्हा तसंच. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला नाही तर बघू. दोन ट्रेकिंग पोल घ्या, एक नाही, दोन. उतरताना पोल आधी खाली, मग ऑपरेशनवाला पाय, मग चांगला. चढताना चांगला आधी. हे हॉस्पिटलमध्ये त्यांना शिकवलेलं असणारच, फक्त सुनेसमोर आठवत नसतं.

साडीचं म्हणाल तर नऊवारी असती तर मी काळजी केली नसती :) पाचवारी वाऱ्यात शिडासारखी भरते आणि पायऱ्यांवर निऱ्या पायात येतात. आतून थर्मल लेगिंग, वर साडी जरा उंच नेसून आणि त्यावर गुडघ्यापर्यंतचा घट्ट बंद होणारा जॅकेट-कोट, म्हणजे पदर आत राहतो. पायात ग्रिप असलेले बूट, मोजे लोकरीचे. सपाट तळाचे पांढरे वॉकिंग शूज जे सगळ्या आया घेऊन येतात ते ओल्या गवतावर काही कामाचे नाहीत.

रत्नांग्रीचो

आमच्याकडे रत्नदुर्गावर हेच. तिन्ही बाजूंनी समुद्र, भगवती देवीचं दर्शन झालं की लोक बुरुजावरून वाकून सेल्फी. कितीही बोर्ड लावा. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि घसरलं की थेट खाली.

मी फक्त खालच्या किनाऱ्याबद्दल बोलतो कारण वर सगळे वाऱ्याबद्दल बोलतायत. डनॉटरला खिंडीत उतरलं की गोट्यांचा किनारा आहे, मुलं हमखास तिकडे पळतात. तिथे लाटेकडे पाठ करायची नाही, एवढं एकच पोरीला शिकवून ठेवा. दहा लाटा लहान येतात, मग एक मोठी येते, आणि गोट्यांच्या उतारावर पाणी परत जाताना पायाखालचे गोटेच ओढून नेतं, उभं राहता येत नाही. उत्तर समुद्राचं पाणी ऑक्टोबरमध्येही असं गार असतं की पडल्या पडल्या श्वास अडकतो, पोहता येणाऱ्याचासुद्धा. आदल्या दिवशी वादळ होऊन गेलं असेल आणि आज वारा पडलेला असेल तरी उधाण तसंच चालू असतं हे आमच्या मासेवाल्यांना विचारा, कुणीही सांगेल. आकाश निळं, वारा नाही, आणि लाट मात्र मोठी. तेव्हा भरतीची वेळ बघून ठेवा आणि ओले गोटे जिथपर्यंत दिसतात त्याच्या बऱ्याच वर थांबा.

सडाफटिंग

हे जरा अती होतंय. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला लोक पालथे झोपून खाली बघतात, भन्नाट वारा असतो, कुणी उडून गेलेलं ऐकलं नाही. उलट टोपी टाकली तर वर येते परत.

ग्रॅनाइटचं_घर

सडाफटिंग, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे की. कोकणकड्याला वारा खालून, कोकणातून वर येतो आणि कड्याच्या आत ढकलतो, म्हणून टोपी परत येते. डनॉटरला पश्चिमेच्या वाऱ्यात टोपी टाका, ती थेट नॉर्वेला. आणि पालथं झोपून बघणं वेगळं, पाच वर्षांचं मूल उभं राहून पळणं वेगळं. तुमच्या अनुभवाबद्दल शंका नाही, पण इथे ताई एकट्या आहेत आणि बरोबर तीन माणसं आहेत ज्यांना आधार लागतो, हा ट्रेक नाही.

आणि टोपी उडाली, फोन पडला, कुत्रं कडेवरून घसरलं तरी मागे कुणी जायचं नाही. इथे बहुतेक वेळा कुत्र्याच्या मागे गेलेला मालक अडकतो आणि कुत्रं आपलं आपण वर येतं. ९९९ लावायचा आणि कोस्टगार्ड मागायचं, पोलीस किंवा ॲम्ब्युलन्स म्हणत बसलात तर वेळ जातो. सुटकेचे पैसे घेत नाहीत, त्यामुळे संकोच करू नका. बाकी दवाखान्यासाठी दोघांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाच असेल, त्यात वयाची आणि आधीच्या आजारांची अट वाचून ठेवा.

सडाफटिंग

नॉर्वे :D ठीक. एकट्या बाईमाणसाने तिघांना नेणं यावर मी नीट विचार केला नव्हता, तेवढं मान्य. पण सासऱ्यांना किल्ल्यात नेऊच नका हे नाही पटत. गडवाल्या माणसाला व्ह्यू पॉइंटवरून परत आणणं म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाचं दर्शन.

तिसरा_नेत्र_५०एमएम

स्लेन्सबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. फोटोग्राफीसाठी मी तिकडे जातो.

डनॉटर निदान सांभाळलेलं आहे. खाजगी इस्टेटच्या मालकीचं आहे, १९२५ पासून त्याची डागडुजी सुरू झाली, तिकीट आहे, माणसं आहेत, वारा असला की दार बंद होतं. स्लेन्स हे त्याच्या बरोबर उलट. क्रुडन बे गावाजवळ, ॲबर्डीनच्या उत्तरेला. १९२५ मध्येच त्याचं छप्पर काढून टाकलं आणि तेव्हापासून उभं आहे ते नुसतं भिंतींचं. गेट नाही, तिकीट नाही, वॉचमन नाही, बंद करायला कुणी नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरायचा हक्क आहे, त्यामुळे कुणी अडवतही नाही, पण जबाबदारीने या शब्दाचा अर्थ असा की पडलात तर तुमचं तुम्ही.

आत काय असतं ते सांगतो. खोल्यांतून चालता चालता समोर एक दार किंवा खिडकी येते, चौकट शाबूत, पलीकडे खोली असेल असं वाटतं, आणि पलीकडे काहीही नसतं, थेट समुद्र. समुद्राकडच्या भिंती कड्याच्या टोकाशी बांधल्यात. जमिनीत तळघरांची भोकं, त्यावर गवत आणि खाजकुयलीसारखं झोंबणारं नेटल वाढलेलं. वरच्या विटा-दगड सैल. लोक संध्याकाळच्या उजेडासाठी जातात आणि अंधारात परत येतात, तोच सगळ्यात वाईट भाग. पाच वर्षांच्या मुलीला घेऊन अजिबात नको. पुढे बुलर्स ऑफ बुकन म्हणून कोसळलेल्या गुहेचा तीसेक मीटर खोल कुंड आहे, त्याच्या काठाने पायवाट आहे आणि पावसानंतर ती वाट म्हणजे साबण. १७७३ मध्ये इंग्रजी शब्दकोशवाले डॉ. जॉन्सन स्लेन्सला पाहुणे म्हणून उतरले होते तेव्हा तोही कुंड बघून आले, त्यांचं वय तेव्हा ६३, पण त्यांच्या सुनेने परवानगी दिली होती का माहीत नाही (त्यांना सून नव्हती).

दोन्ही एका दिवसात तर मुळीच नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्यानंतर साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो. आदल्या आठवड्यात साडेपाचला उजेड होता म्हणून हिशोब कराल तर अंधारात पायऱ्यांवर सापडाल.

वाटी_सरकली

नेटल लागलं तर चोळू नका, आधी पाण्याने धुवा.

रुमाली_इतिहास

सासऱ्यांना व्ह्यू पॉइंटवर थांबवायचं असेल तर गोष्ट सांगा, गडवाल्यांना गोष्ट मिळाली की पाय दुखायला लागतात आणि ते बसतात असा माझा अनुभव आहे.

१६५१ मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलचं सैन्य स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार शोधत होतं. तिन्ही डनॉटरमध्ये ठेवलेले. वेढा आठेक महिने चालला, आत थोडी माणसं, आणि शेवटी मे १६५२ मध्ये किल्ला पडला तेव्हा इंग्रजांना (इथे इंग्रज बरोबर आहे सडाफटिंग) आत काहीच सापडलं नाही. आधीच बाहेर गेलेलं. कसं याच्या दोन कथा आहेत. एकीत जवळच्या किनेफ गावच्या पाद्र्याची बायको, क्रिश्चन फ्लेचर, किल्लेदाराच्या बायकोला भेटायला म्हणून आत गेली आणि सामान घेऊन वेढ्यातून सरळ बाहेर आली. दुसरीत ते दोरीने कड्यावरून खाली सोडलं आणि खाली समुद्रशेवाळ गोळा करायचं नाटक करणाऱ्या बाईने टोपलीत घातलं. मग आठ-नऊ वर्षं ते किनेफच्या चर्चमध्ये फरशीखाली पुरलेलं. आता एडिंबरा किल्ल्यात आहे, तिथे लिफ्ट वगैरे चांगली सोय आहे, ते जास्त सोपं पडेल. आमची हिरकणी कडा उतरली, इथे मुकुट उतरला.

दुसरी गोष्ट तेवढी सुखाची नाही. १६८५ मध्ये १६७ माणसं, १२२ पुरुष आणि ४५ बायका, धर्माच्या भांडणात पकडून याच किल्ल्याच्या एका तळघरात कोंबली होती. काहीजण खिडकीतून बाहेर पडून कड्यावरून उतरायला गेले, त्यातले काही पडून मेले. ती खोली अजून आहे, खिडकीसकट. तिथे उभं राहिलं की कड्याबद्दल कुणाला काही समजवावं लागत नाही.

चिवडा_कमी_तिखट

हिरकणीची गोष्ट सासूबाईंना सांगितली, त्या म्हणाल्या "मग मी येते" :( उलटाच परिणाम.

बरं, ठरवलं ते सांगते. स्लेन्स रद्द. डनॉटरला गाडीने जायचं, स्टोनहेवनहून कड्याच्या वाटेने चालत नाही. व्ह्यू पॉइंट सगळ्यांनी. त्यानंतर हवा चांगली असेल आणि सासऱ्यांची वाटीताईंची जिना टेस्ट पास असेल तर ते एकटे दोन पोल घेऊन किल्ल्यात, मी मुलगी आणि सासूबाई वर बाकावर. की त्यांना एकटं सोडणं चूक आहे?

ग्रॅनाइटचं_घर

एकटे नको. शनिवार-रविवार असेल तर मी येतो त्यांच्याबरोबर, खरंच, मला तेवढंच कारण. मेसेज केलाय तुम्हाला.

चालत न जाण्याचं बरोबर केलंत. गावातून युद्धस्मारकाच्या टेकडीवरून येणारी वाट देखणी आहे पण मधे कडा ढासळला की ती बंद ठेवतात किंवा वळवतात, आणि पडीक तारेच्या पलीकडे जुनी पायवाट दिसत राहते, लोक तिच्यावरून जातात. टेकडीवरचं स्मारक मात्र त्यांना दाखवा, मुद्दाम अर्धवट पडक्या देवळासारखं बांधलंय, सासऱ्यांना वाटेल हाच किल्ला. गाडी नसेल त्या दिवशी तर ॲबर्डीनहून ट्रेनने वीसेक मिनिटांत स्टोनहेवन, स्टेशनवरून टॅक्सी. टॉयलेटला गावातच जाऊन घ्या.

छत्री घरी ठेवा. वाऱ्यात छत्री म्हणजे तुम्हाला ओढून नेणारं पॅराशूट. मुलीला भडक रंगाचं जॅकेट घाला, लाल किंवा पिवळं, करडं-हिरवं नको, नजरेतून सुटत नाही. आणि व्ह्यू पॉइंटवर सुद्धा कडेपासून तिच्या उंचीच्या दुप्पट अंतर, आडवी पडली तरी पोचणार नाही इतकं.

तिसरा_नेत्र_५०एमएम

उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी इथेच लिहून ठेवतो, पुढे कुणी शोधत आलं तर. मे ते जुलै भिंतींच्या कपारीत फुलमार नावाचे पक्षी अंड्यांवर असतात, दिसायला सीगलसारखे, जवळ गेलं की तोंडातून नारिंगी तेलकट पिचकारी मारतात आणि तो वास जॅकेटमधून जात नाही, जॅकेट टाकावं लागतं. पक्षी बघायचे असतील तर थोडं दक्षिणेला फाउल्सह्यूला जा, तिथे कड्यांवर हजारोंनी असतात. वसंतात-उन्हाळ्यात इथे हार नावाचं समुद्री धुकंही येतं, ऊन असताना अचानक समोरचा किल्ला गायब. आलं तर जागीच थांबा, आत जमिनीच्या बाजूला सरका, मग वाट शोधा. ड्रोन विचारल्याशिवाय उडवू नका.

चिवडा_कमी_तिखट

अपडेट. मंडळी आली, जेट लॅग संपला, जिना टेस्ट झाली. पहिल्या फेरीत सासरे मस्त, दुसऱ्या फेरीत चौथ्या मजल्यावर "फोन आला" म्हणून बसले, फोन आला नव्हता. दुसऱ्या दिवशी गुडघा थोडा सुजलाय पण ते मान्य करत नाहीत.

शनिवारचं ॲप असं दाखवतंय: वारा २४, गस्ट ४३, नैऋत्येचा, पाऊस दुपारनंतर, मेट ऑफिसची पिवळी वॉर्निंग. रविवारी वारा ९, गस्ट १६, ढगाळ. किल्ल्याच्या साइटवर अजून काही लावलेलं नाही. सासरे म्हणतात शनिवारीच, कारण रविवारी भारत-पाकिस्तान मॅच आहे.

ग्रॅनाइटचं_घर

४३ आणि तोही नैऋत्येचा म्हणजे समुद्राकडे ढकलणारा. शनिवारी नाही. साइटवर काही लावलं काय न लावलं काय.

शनिवारी त्यांना ॲबर्डीनच्या मेरिटाइम म्युझियमला न्या, फुकट आहे, आत तेलाच्या रिगचं भलंमोठं मॉडेल आहे, मुलगा नक्की कुठे जाऊन राहतो ते एकदा बघू दे त्यांना. रविवारी सकाळी लवकर निघा, नऊला पार्किंगमध्ये भेटतो, शनिवारच्या वादळाची लाट रविवारी शिल्लक असणार त्यामुळे खालच्या किनाऱ्यावर कुणीच जायचं नाही, रत्नांग्रीकरांनी लिहिलंय तसं. घड्याळ त्याच रात्री मागे जातंय का ते तेवढं बघा, नाहीतर मी तासभर थंडीत उभा.

वाटी_सरकली

गुडघा सुजलाय तर किल्ल्यात नाही, वारा शून्य असला तरी. व्ह्यू पॉइंट, बाक, थर्मासमधला चहा. सुनेने सांगितलं तर ऐकणार नाहीत, मी सांगितलंय म्हणा, फिजिओने. हवं तर व्हिडिओ कॉलवर बोलते त्यांच्याशी.

चिवडा_कमी_तिखट

केला कॉल वाटीताईंना, तुम्ही बोललात, ते "बरं" म्हणाले, पहिल्यांदा ऐकलं हे मी. घड्याळ त्याच रात्री मागे जातंय, ग्रॅनाइटदादा, नवीन वेळेप्रमाणे नऊ. चहा चौघांचा आणते, तुमचा बिनसाखरेचा ना?

ग्रॅनाइटचं_घर

साखर घाला. आणि हातमोजे सगळ्यांना.